अंग भरायची गोळी

धनश्रीचे गाल भरले तेव्हा सगळ्यांत आधी मीच म्हटलं होतं, "थांब गं, नजर काढते तुझी." मीठ-मिरच्या ओवाळून स्टोव्हवर जाळल्या. ठसका उठला नाही. ठसका उठला नाही म्हणजे नजर लागलेलीच होती, असं आत्यांनी सांगितलं आणि आम्ही तिघी समाधानानं हसलो. ते हसू आठवलं की आजही माझं मलाच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

धनश्री माझी नणंद. आत्या म्हणजे सुंदराबाई, माझी सासू. मी लग्न होऊन नवागामच्या या एका खोलीत आले तेव्हा धनश्री पंधरा वर्षांची होती, आणि सुरतेत कसं राहायचं ते मला तिनं शिकवलं. भाजीवालीशी गुजरातीत भांडायचं कसं, नळाला पाणी आलं की हंडा कुणाच्या पुढे सरकवायचा आणि कुणाच्या नाही, आत्या कुठल्या आवाजात "व रंजना" म्हणाल्या की पळायचं. गुड्डी झाली तेव्हा पहिले दोन महिने रात्री ती उठायची, मी नाही. "वैनी, तू झोप. मी हिला माळ्यावर घेते." हडकुळी होती, पण गुड्डीला खांद्यावर टाकून तासभर उभी राहायची.

हडकुळी होती, हाच तिचा गुन्हा.

माघात डिंडोलीहून प्रमिलाबाई मुलाला घेऊन तिला बघायला आल्या. मुलगा वाल्मिक, पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये कायम. पोहे खाऊन झाल्यावर प्रमिलाबाईंनी धनश्रीचं मनगट दोन बोटांत धरलं. बांगड्या भरणारी धरते तसं. बोटं एकमेकांना टेकून वर उरली.

"पोर चांगली शे," त्या म्हणाल्या, "पन काटकी शे. मन्हा घरमा बारा मानसेस्ना सैपाक ऱ्हास. आखाजीनंतर दखू."

मुलगा खाली मान घालून बसला होता. त्याला काही म्हणायचं होतं की नाही, कुणी विचारलंच नाही. धनश्रीला तर नाहीच नाही.

त्या गेल्यावर आत्या म्हणाल्या, "आखाजीपावत पोरले भरी काढू." अक्षय्य तृतीयेला अडीच महिने होते. आम्ही हिलालभाऊकडे गेलो.

गल्लीच्या तोंडाशी हिलालभाऊचा दवाखाना. आधी तो उधन्यात कुणा डॉक्टरकडे कंपाउंडर होता. एक दिवस गळ्यात नळी घालून इकडे येऊन बसला आणि डॉक्टर झाला. नवागामात त्याला कुणी कधी कागद विचारला नाही, कारण तो शिरपूरकडचा, आपल्या भाषेत बोलायचा. सरकारी दवाखान्यात गुजरातीत खेकसतात. हिलालभाऊ विचारायचा, "काय व माय, कुठे दुखस?" एवढ्यावर आम्ही त्याच्या हातात जीव द्यायला तयार. लूमवर बारा तास उभे राहणारे पुरुष पाठीसाठी, बायका कंबरेसाठी, म्हातारे दम्यासाठी, सगळे त्याच्याकडे. सगळ्यांना कागदाच्या पुडीत छोट्या पांढऱ्या गोळ्या. आणि सगळ्यांना गुण.

"ताकदनी गोळी शे," तो म्हणाला. "भूक लागी, आंग भराई. दिवसले तीन." मग माझ्याकडे बघून, "वैनी, तुमले बी देऊ का? पोर दूध पेस, तुमनं आंग उतरी गयं."

मी म्हटलं, "नको. अंगावर पाजतेय मी. काय असेल त्यात, कुणाला माहीत."

हे मी म्हटलं होतं. मी, दहावी पास. स्वतःच्या लेकीच्या दुधात नको म्हटलं, आणि घरी येऊन तीच गोळी दुधाच्या कपाबरोबर नणंदेच्या हातावर ठेवली. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. आत्या विसरायच्या, मी नाही विसरले. शिव्या द्यायला मला हिलाल हवा, सासू हवी, प्रमिलाबाई हवी. पण देणारा हात माझा होता.

गुण आला! दोन भाकरींवर उठणारी पोर पाचवी मागायला लागली. महिन्याभरात गाल वर आले, चेहरा चंद्रासारखा वाटोळा झाला, त्याला एक लाल तजेला. शेजारणी हात लावून बघायच्या. हातपाय तेवढे तसेच काड्यांसारखे राहिले, पण सलवारीत पाय कुणाला दिसतात? एकदा मोरीत आंघोळ करताना तिनं मला हाक मारली. "वैनी, हे काय उमटलंय गं?" पोटावर जांभळ्या-लाल रेघा, बोटभर रुंद. मी माझं पोट दाखवलं. "मला गुड्डीच्या वेळी आल्या तशाच. अंग भरतंय तुझं, कातडी ताणतेय." ती लाजली. मी तिच्या पाठीला साबण लावून दिला.

आखाजीनंतर प्रमिलाबाई आल्या. या वेळी मनगट धरलं नाही, सरळ गालाला हात लावला. "आते कशी पोर दिसी ऱ्हायनी!" साखरपुडा झाला. लग्न मार्गशीर्षात ठरलं. आत्या म्हणाल्या, "तवपावत गोळी चालू ठेव. हळदले पोर उतरेल दिसाले नको."

श्रावणात घरी साड्यांचं गाठोडं होतं. मार्केटातून भरतकामाच्या साड्या येतात, मागे लोंबणारे धागे आम्ही बायका छोट्या कटरनं कापून देतो. कटर निसटलं आणि टोक धनश्रीच्या तळहातात गेलं, अंगठ्याच्या खाली. थेंबभर रक्त. साडीला लागू नये म्हणून तिनं हात तोंडात घातला, हळद भरली आणि पुढची साडी ओढली.

तिसऱ्या दिवशी हात सुजला. मी कपाळाला हात लावला. गार. आमच्या घरात आजार कपाळावर मोजतात. कपाळ तापलं तर दवाखाना, नाही तर काम. पू नव्हता, ठणका फारसा नव्हता. "नुसतं जड वाटतंय," ती म्हणाली. तरी मी तिला हिलालकडे नेलं. त्यानं दाबून बघितलं.

"ताप नही, पू नही. मुका मार व्हई." आणि सुजेसाठी म्हणून त्याच गोळ्या आणखी दोन वाढवल्या.

शुक्रवारपासून तिला उलट्या सुरू झाल्या. गोळी पोटात राहीना. शनिवारी दंडापर्यंत लाल रेघ चढली तेव्हा मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात. आत्या उठल्या. फळीवरची पुडी घेतली आणि बाहेर जाऊन गटारात टाकली. मला वाटलं, त्यांनाही आता त्या गोळीचा राग आला. राग नव्हता. भीती होती. मोठ्या दवाखान्यात विचारतील, तिथे अर्धं नवागाम खाटांवर पडलेलं असतं, संध्याकाळपर्यंत डिंडोलीला कळेल की पोरीचे गाल गोळ्यांचे आहेत. रविवार हळद-तुपात गेला. "उतरी जाई, उतरी जाई." सोमवारी सकाळी धनश्री मोरीकडे जायला उठली आणि भिंत धरून खाली बसली ती उठलीच नाही.

माझा नवरा गजेंद्र रात्रपाळी करून दारात शिरत होता. त्यानं तसंच तिला उचललं. रिक्षात तिचं डोकं माझ्या मांडीवर, गुड्डी एका बगलेत. कपाळ तेव्हाही गारच होतं. गार आणि ओलं.

वॉर्डातली डॉक्टरीण माझ्याच वयाची असेल. पारुलबेन. वेणी घातलेली, पायात स्लिपर, डोळे रात्रभर जागलेले. तिनं सुई टोचली, बाटली लावली, हात बघितला आणि विचारलं, "बुखार कितने दिन से?"

"बुखार आयाच नहीं," आत्या म्हणाल्या.

"इतना हाथ सड़ गया और बुखार नहीं?" तिनं धनश्रीच्या तोंडाकडे बघितलं. बराच वेळ. "ये चेहरा पहले से ऐसा है?"

"हमारे घर में सबका ऐसाच है. खाते-पीते घर की है."

आत्यांचे स्वतःचे गाल आत गेलेले, हाडं वर आलेली. पारुलबेननं त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "कोई दवा चलती थी? गोली, इंजेक्शन, ताकत का कुछ?"

"कुछ नहीं," आत्या म्हणाल्या, आणि माझा दंड धरला. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, आधार घेतेय. पाचही नखं आत.

दोन बाटल्या गेल्या. दाब वर येईना. पारुलबेन तिसऱ्यांदा पट्टा बांधत होती आणि तिचा हात घाईला आला होता, ते मला दिसत होतं. "दवा तो भारी से भारी डाली है. पानी भी गया. फिर भी बीपी क्यों नहीं पकड़ रहा?" ती कुणाला विचारत नव्हती, स्वतःशीच बोलत होती. धनश्रीचे ओठ पांढरे पडले होते. तो वाटोळा, नजर काढलेला चेहरा तसाच वाटोळा होता आणि आत कुणी उरलं नव्हतं.

आत्या माझ्या कानाशी म्हणाल्या, "बोलू नको व. बोलनी तं लगीन मोडी."

मी गजेंद्रकडे बघितलं. तो फरशीकडे बघत होता. गुड्डी भुकेनं रडायला लागली आणि मला ते दूध आठवलं, जे मी एवढं जपलं होतं. माझ्या अंगातून काहीतरी वर आलं. धीर नव्हता तो. संताप होता. मी दंड हिसडून सोडवला.

"गोळ्या खात होती!" मी मराठीतच ओरडले. हिंदी आठवलीच नाही. "सहा महिने! रोज तीन, छोट्या पांढऱ्या, अंग भरायच्या! शुक्रवारपासून उलटतेय आणि शनिवारी यांनी गटारात टाकल्या! मीच देत होते, माझ्या हातानं देत होते!"

पारुलबेनला निम्मं कळलं. मालतीबाई नावाच्या सिस्टर होत्या, धुळ्याच्या. त्यांनी भराभर गुजरातीत सांगितलं. पारुलबेनचा चेहरा बदलला. ती माझ्यावर ओरडली, "दो घंटे से पूछ रही हूँ! दो घंटे!" आणि औषधांच्या कपाटाकडे अक्षरशः धावली.

एक इंजेक्शन दिलं. मग बाटलीत आणखी. दुपारी पट्टा बांधला तेव्हा दाब वर आला होता. संध्याकाळी हात चिरून साफ केला. धनश्री दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याकडे बघून म्हणाली, "गुड्डी कुठंय?" मी तिच्या उशाशी बसून रडले, आणि आत्या तोंड फिरवून बसल्या. माझ्याशी त्या बोलेनात.

तिसऱ्या दिवशी पारुलबेन शांतपणे माझ्याजवळ बसली. मालतीबाई मधे उभ्या राहून सांगत होत्या. ती गोळी म्हणजे एक संप्रेरक आहे, हार्मोन. आपल्या अंगात ते आपोआप तयार होतं, दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारख्या ग्रंथी असतात तिथे. थोडं थोडं, लागेल तसं. दुखणं आलं की जास्त. रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंशी लढतात, आणि हे संप्रेरक त्यांना आवरतं, की पुरे आता, घरच जाळून टाकाल. पण बाहेरून महिनोन्‌महिने एवढं घातलं की त्या पेशी जखमेपर्यंत पोचतच नाहीत. रक्तात फिरत राहतात, आत उतरत नाहीत, पोचल्या तरी जंतूंना नीट खात नाहीत. म्हणून पू नाही, ठणका नाही, ताप नाही. जंतूंना मोकळं रान.

"और ताप?" मी विचारलं. "ताप तो बीमारी है ना?"

"ताप तर ओरड आहे गं," मालतीबाई स्वतःच म्हणाल्या. "अंगाची ओरड. तुम्ही तिचं तोंड बांधलंत."

आणि बाहेरून मिळतंय म्हटल्यावर तिच्या ग्रंथी झोपून गेल्या होत्या. गटारात पुडी गेली, उलटीत गोळी गेली, आणि अंगाला सगळ्यात जास्त गरज होती त्याच दिवशी आतही नाही, बाहेरही नाही. त्यामुळे दाब कोसळला. आता तीच गोळी ती पुढे काही महिने घेणार होती, डॉक्टर कमी करत नेईल तशी, ग्रंथी जाग्या होईपर्यंत.

गजेंद्र ऐकत होता. घरी येताना रिक्षात म्हणाला, "आमच्या लूमला काटा असतो. आडवा धागा तुटला की तो पडतो आणि लूम थांबतो. एखादा आळशी तो काटा बांधून ठेवतो. लूम चालू राहतो, मालकाला वाटतं माल निघतोय." थोड्या वेळानं म्हणाला, "ताका उलगडल्यावर कळतं." मग रिक्षावाल्यासमोर रडायला लागला. मला त्याची दया आली नाही. दवाखान्यात फरशीकडे बघत होतास ना, बघ आता.

दुसऱ्या दिवशी गुड्डीला कडेवर घेऊन मी हिलालकडे गेले. बाकावर सात-आठ माणसं. मी दारातूनच विचारलं, "धनश्री मरत होती, माहीत आहे ना?"

"ऐकं मी," तो म्हणाला. "वाईट वाटनं. पन वैनी, मी कोनाले जबरदस्ती करी का? तुमनी सासू उनी. आंग भरी दे म्हने. गाल भरनात का नही भरनात, सांगा."

"ती काय गोळी आहे, तुला तरी माहीत होतं का?"

"समदी गल्ली खास. कोन मरनं?"

बाकावरची एक बाई मला म्हणाली, "वैनी, बाजूला व्हा ना. मन्हा नंबर शे." तिचा आवाज नुसता कंटाळलेला होता. मला तिचा गळा धरावासा वाटला, आणि तिच्या पाया पडावंसंही वाटलं. दोन्हींतलं काहीच केलं नाही. गुड्डीनं माझा पदर तोंडात घेतला होता, तो सोडवला आणि घरी आले.

धनश्री बाविसाव्या दिवशी घरी आली. उजव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत. पुढे वळतील म्हणतात, थोडी. कटर तिला आता धरता येत नाही. मी घास भरवायला गेले तर म्हणाली, "डाव्या हातानं जेवते वैनी, तू गुड्डीला भरव." आत्या तिच्याशी बोलतात, तिच्यासमोर मला "ती" म्हणतात. "तिनं तोंड उघडलं." गल्लीतही तेच. रंजनानं नणंदेचं लग्न मोडलं. गोळी देणाऱ्याचं नाव कुणी घेत नाही.

लग्न मोडायला प्रमिलाबाई स्वतः आल्या. साखरपुड्याचं नारळ-पातळ पिशवीत घालून. आत्यांनी सुरुवात केली, "विहीनबाई, टायफाइड व्हता..."

"माले समदं समजनं," त्या म्हणाल्या. "अशी बनावट पोर आमले नको."

धनश्री माळ्याच्या शिडीशी बसली होती. तिनं पट्टी बांधलेला हात पुढे केला. "मावशी, तुमच्या बोटांत माझं मनगट सैल पडलं म्हणून खाल्ल्या मी गोळ्या. आधी होते ती खरीच होते." आवाज चढला नाही तिचा. मग शिडी चढून वर गेली, एका हातानं, हळूहळू.

प्रमिलाबाई उठल्या. मी त्यांना दारापर्यंतसुद्धा पोचवणार नव्हते, पण गुड्डी रांगत त्यांच्या चपलांकडे गेली म्हणून मला जावं लागलं. उंबऱ्याबाहेर त्या थांबल्या. मागे बघितलं, आत्या दिसत नाहीत ना याची खात्री केली, आणि खालच्या आवाजात मला विचारलं,

"ती गोळी कोनता रंगनी व्हती व?"

"का?"

"मन्ही धाकली पोर शे. दमा शे तिले. हिलालभाऊनी गोळी वरीसभर व्हयनं खास." मग म्हणाल्या, "गाल भरनात तिना बी. आमले वाटनं, गुन उना."

खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला बरं वाटलं. बनावट पोर म्हणालीस ना माझ्या धनश्रीला? आता तुझ्या घरची बनावट घेऊन बस. एवढं सगळं माझ्या मनात होतं आणि गुड्डी त्यांच्या पायाला धरून उभी राहायला बघत होती. प्रमिलाबाई वाकल्या. धनश्रीचं मनगट धरलं होतं त्याच हातानं त्यांनी गुड्डीला सावरलं.

"पांढरी," मी म्हणाले. "छोटी. मधे रेघ."

त्यांनी डोळे मिटले. "मंग आजपासून बंद..."

"बंद करू नका!" मी एवढ्या जोरात ओरडले की समोरची दोन दारं उघडली. "बंद केली म्हणूनच आमची मरत होती! एकदम बंद केली तर आतून कोसळते पोर. आजची द्या, उद्याची द्या. आणि उद्या सकाळी तिला घेऊन दवाखान्यात या, मी येते बरोबर. पुडी आणा. लपवून नाही, हातात धरून आणा, आणि किती दिवस, किती गोळ्या, सगळं तोंडानं सांगा. ताप नाही म्हणून गप्प बसू नका. कुठं खरचटलं असेल तर तेही सांगा."

"हळू बोल ना व माय," प्रमिलाबाई कळवळून म्हणाल्या. "तिनं बी लगीन व्हवानं शे. लोक ऐकतस."

"ऐकू देत!" मी म्हटलं. आवाज खाली येत नव्हता. "हिलालची पांढरी गोळी! हिलालची! ऐकू देत सगळ्यांना!"

समोरच्या दारातली बाई पिठाच्या हातानं तशीच पुढे आली. आधी गल्लीच्या तोंडाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मन्हा मालक बी खातस," ती म्हणाली. "पाठसाठे. त्यासले बी लई येऊ का?"

"आणा," मी म्हटलं. "आठ वाजता निघू."

आतून आत्यांचा आवाज आला. "व रंजना! आतमा ये!"

मी गुड्डीला उचललं आणि पलीकडच्या दाराची कडी वाजवली.